ज्याच्या खोलीत, त्याचा अधिकार

निवृत्त न्यायाधीश दिगंबरपंत खासनीस यांच्या साताऱ्यातल्या घरी सुनेने सगळे संगणक नेटवर्कने जोडून दिले. पंतांच्या पत्नी कुमुदिनीबाई हरखल्या. लेक परदेशी निघाली होती. तिच्यासाठी टाइप केलेल्या पाककृती आता त्यांना आपल्याच संगणकावरून छापता येणार होत्या. पण प्रिंटर पंतांच्या खोलीत होता आणि पंतांनी तो इतरांना बंद ठेवला.

"ज्याच्या खोलीत वस्तू, त्याचा अधिकार," त्यांनी निकाल दिला. "आधी लेखी अर्ज कर."

बाई "बरं" म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या.

पाच वाजता पंत नागपूरच्या मित्राशी बुद्धिबळ खेळायला बसले, तर इंटरनेटच नाही. ते तडक स्वयंपाकघरात आले. फडताळावरचा राउटर बंद होता.

"हा कोणी बंद केला?"

"मी," बाई पोळी उलटत म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरात आहे ना तो. निकाल तुमचाच. अर्ज लिहून ठेवा, पोळ्या झाल्या की वाचते."

पंतांना हसू आवरेना. खोलीत जाऊन त्यांनी प्रिंटर सगळ्यांना खुला केला. बाईंनीही राउटर लावला.

थोड्या वेळाने पंत स्वतःच छापील पानं टाचून घेऊन आले.

"अनारशांच्या पानाची एक प्रत घरात ठेवलीय," ते म्हणाले. "सगळंच लेकीबरोबर जायला नको."