तहाचे सतरा दिवस

“सगळं ठरलं होतं, तर मग तह व्हायला इतके दिवस का लागले?”

नूरशाह फकिराने हे विचारलं तेव्हा विसाजीपंत शालीची घडी उलगडत होते. गुरूच्या खांद्यावर घालायला त्यांनी ती मुद्दाम आणली होती.

अकरा वर्षं चाललेली लढाई थांबून आठ दिवस झाले होते. महाराजांच्या वतीने नवाबाशी तहाची बोलणी पंतांनीच केली होती. उद्या दरबारात त्यांचा सन्मान व्हायचा होता. वाटेत नदीकाठचा दर्गा लागतो म्हणून ते थांबले. लहानपणी लिहायला, वाचायला आणि वाद घालायला ते इथेच शिकले होते, या फकिरापाशी.

“एकच गोष्ट राहिली होती, बाबा,” पंत म्हणाले. “तहाच्या कागदावर आधी नाव कुणाचं लिहायचं. आमच्या महाराजांचं, की त्यांच्या नवाबाचं.”

“त्याला किती दिवस लागले?”

“सतरा.”

“मग सुटलं कसं?”

पंत जरा सावरून बसले. हे सांगायला त्यांना आवडत असे.

“दोन कागद केले. आमच्याकडे राहील त्यावर महाराज आधी, त्यांच्याकडे जाईल त्यावर नवाब आधी. कुणालाच कमीपणा नाही. सगळे म्हणतात, हे पंतांनाच सुचायचं.”

“चांगलं सुचलं. कधी सुचलं?”

पंत शालीच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

“विसाजी, कधी सुचलं?”

“…पहिल्याच संध्याकाळी.”

बाहेर कुणीतरी खोकलं. 

“मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?”

“आधी बोलेल तो नमला, असं धरतात बाबा. पुढच्या प्रत्येक कलमात मग तोच दबतो. मी थांबलो. नवाबाचा वकील म्हातारा होता, दम्याचा होता. सतराव्या दिवशी तोच म्हणाला, पंत, आता तुम्हीच काहीतरी मार्ग काढा. तेव्हा काढला.”

“त्याला तो पटला?”

“लगेच. निघताना हसून म्हणाला, हे मलाही सुचलं होतं.”

“कधी?”

“…मी विचारलं नाही.”

 पंत शालीची पुन्हा घडी घालू लागले.

“हे मी तुमच्याकडूनच शिकलो, बाबा. समोरच्याला आधी बोलू द्यावं, असं तुम्हीच सांगायचात. याच ओसरीवर.”

नूरशाहांची मान खाली गेली.

“हो,” ते म्हणाले. “मीच सांगायचो. तू दहा वर्षांचा होतास आणि सगळ्या पोरांना वादात हरवायचास. मला त्याचा फार अभिमान वाटायचा…”

मग त्यांनी विचारलं, “त्या सतरा दिवसांत लढाई बंद होती?”

“नाही. कागदावर शिक्के उमटेपर्यंत हत्यार खाली ठेवायचं नाही, असा हुकूम होता. दोन्हीकडे.”

नूरशाह भिंतीला धरून उठले. “ये,” एवढंच म्हणाले.

दर्ग्यामागच्या पडवीत गवत पसरून सहा-सात जखमी निजवले होते. काही या राज्याचे, काही त्या राज्याचे. शेवटी तिशीतला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं होतं.

“सटवाजी,” नूरशाह म्हणाले, “पाहुणे आलेत. ज्यांनी तह घडवून आणला ते पंत.”

सटवाजीने चटकन पाय आवरून घेतले. मग हाताने चाचपडत तो पुढे सरकला. पंतांच्या पावलांना हात लागताच त्याने त्यांवर कपाळ टेकवलं.

“मी नवाबाकडचा, पंत. तोफेवर होतो. पण तुमचे उपकार आहेत. तुम्ही लढाई थांबवलीत म्हणून माझा धाकटा भाऊ हातीपायी धड घरी गेला.”

पंतांना पाय मागे घेता येईना.

“तुला… हे कधी झालं?”

“संक्रांतीनंतर चार दिवसांनी. तोफेची दारू पेटली, ती सगळी तोंडावर. तह होणार, तह होणार, असं रोज कानावर यायचं. आम्ही बोलायचो, थोरामोठ्यांची कामं, वेळ लागायचाच. त्यात काहीतरी अवघड असेल.”

पंतांनी मनात दिवस मोजले. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी ते छावणीतून एकटेच फिरायला निघाले होते. दोन कागद करायचं त्यांना तेव्हाच सुचलं होतं. त्या आनंदात रात्री ते पोटभर जेवले होते.

“काय होतं हो अवघड?” सटवाजीने विचारलं. “सांगण्यासारखं असलं तर.”

  पंत खाली बसले आणि त्यांनी सटवाजीचे खांदे धरून त्याला हलकेच भिंतीशी टेकवलं. मग उठून पडवीच्या टोकाला गेले. नदीपलीकडे कुणीतरी अकरा वर्षांनी पहिल्यांदा नांगर धरला होता.

नूरशाह मागून येऊन उभे राहिले.

“त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” पंत हलक्या आवाजात म्हणाले.

ते नूरशाहांच्या जवळ सरकले.

“उद्या सगळ्या दरबारात माझं कौतुक होईल. मी तिथे कसा उभा राहू? बाबा, मी त्याच्याकडे परत जातो. त्याला खरं काय ते सांगतो. त्याशिवाय माझा पाय निघणार नाही इथून.”

“आणि सांगितल्यावर निघेल?”

पंतांनी वळून पाहिलं. दर्ग्याच्या दारात त्यांची माणसं घोडे घेऊन तयार होती. राजधानीला पोचायला अजून दिवसभराची वाट होती…

“सांगून निघून जाणार असशील,” नूरशाह म्हणाले, “तर सांगू नकोस.”