लेकीचं झाड

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, राजांनी बांधलेली देवळं होती आणि देवळांत सकाळ-संध्याकाळ धूप जळायचा. तो धूप येतो कुठून, हे राजाला ठाऊक नव्हतं आणि पुजाऱ्याने कधी विचारलं नव्हतं.

तो यायचा एका उघड्याबोडक्या माळावरून. तिथे पाऊस चुकून पडायचा. ज्वारी पेरली तर बियाणंसुद्धा परत मिळायचं नाही. पण टेकडीच्या खडकात सालईची झाडं उभी होती. गावातली माणसं त्यांच्या सालीला कोयतीने खाच द्यायची. खाचेतून चीक पाझरायचा, वाऱ्यावर वाळायचा, की झाला धूप. नदीकाठचा व्यापारी बैल घेऊन यायचा, धूप न्यायचा आणि बदल्यात धान्य टाकून जायचा. त्यावर गाव जगायचं.

त्या गावाची एक रीत होती. मुलगी जन्मली की बारशाच्या दिवशी तिच्या नावाने एका सालईला लाल दोरा बांधायचा. तिचं लग्न होईपर्यंत त्या झाडाला कोयती लावायची नाही. लग्नात नवरीने सासरच्या माणसांसमोर स्वतःच्या हाताने पहिली खाच द्यायची. पंगत उठेपर्यंत खाचेत चीक चमकला पाहिजे. मग ते झाड जन्मभर तिचं. त्यावर हक्क बापाचा नाही आणि नवऱ्याचाही नाही. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "नवरा टाकंल, भाऊ इसरंल, झाड काही उपाशी ठेवायचं न्हाई." ही रीत का पडली, ते मात्र कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. रीत पाळायला कारण लागत नाही. मोडायला मात्र ढिगाने सापडतात.

या गावात भिवा नावाचा माणूस राहायचा. सालईला खाच द्यावी तर भिवानेच, असा त्याचा लौकिक. तो डावखुरा होता. त्याला एकुलती एक लेक, चिमा. तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं तिला.

चिमा लग्नाची झाली तेव्हा भिवाच्या मनाने घेतलं, की लेकीच्या पायात चांदीचे तोडे पाहिजेत. चिमाने मागितले नव्हते. पण शेजाऱ्याच्या लेकीने घातले होते, आणि गावाने ते पाहिले होते. भिवाची स्वतःची झाडं कापून कापून थकलेली. एके दिवशी तो कोयती घेऊन चिमाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

भाकरी घेऊन आलेल्या बायकोने ते पाहिलं. "अवो, पोरीच्या झाडाला कुठं हात घालताय?"

"पोरीसाठीच घालतोय. तिचंच तिला," भिवा म्हणाला. "दरीकडच्या अंगानं येकच खाच. तिकडं कोण जातंय बघाया?"

बायकोने भाकरी खाली ठेवली. तिच्याही डोळ्यांपुढे तोडे होतेच. मग तिने तांबडी माती पाण्यात कालवली आणि चीक काढून झाल्यावर खाच लिंपायला नवऱ्याच्या हातात दिली.

एका खाचेवर कुणाचं भागलंय? त्या खाचेवर दुसरी आली, दुसरीवर तिसरी. तोडे झाले तरी हात थांबेना. कुंपणच शेत खायला लागल्यावर शेताने ओरडावं तरी कुणाकडे?

व्यापाऱ्याने तो धूप नाकाशी धरला आणि मान डोलावली. "भिवा, हा कधी कोयती न लागलेल्या झाडाचा चीक आहे."

भिवाने धुपाचं गाठोडं मागे ओढलं. व्यापारी हसला. "घाबरतोस कशाला? हल्ली तुमच्या गावात ज्याच्या त्याच्याकडे हाच माल निघतो."

हे ऐकून भिवाच्या अंगावर काटा यायला हवा होता. त्याला हायसं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन तो पोटभर जेवला.

लग्न लागलं. चिमाने सासरच्या माणसांसमोर आपल्या झाडाला खाच दिली. पंगत बसली, पंगत उठली. खाच कोरडीच होती.

सासूने पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झाड आटलंय. पोरगी पांढऱ्या पायाची दिसतीया."

मांडवातल्या सगळ्या नजरा चिमावर गेल्या. चिमाने बापाकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. पण भिवा पत्रावळी उचलायला वळला. भर मांडवात नाक कापून घ्यायचं? उद्या सांगू, घरातल्या घरात सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. तो उद्या काही आला नाही.

अक्षता पडल्या होत्या म्हणून सासरच्यांनी चिमाला नेलं. पण शेळी मेली तरी चिमामुळे, दूध नासलं तरी चिमामुळे. शेवटी एक दिवस त्यांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं.

ती घरी गेली नाही, आधी झाडाकडे गेली. आपलं काय चुकलं हे तिला झाडालाच विचारायचं होतं. रडता रडता ती दरीच्या अंगाला टेकली, आणि वाळलेल्या मातीचा पोपडा तिच्या हातात आला. तिने आणखी खरवडलं. एकावर एक खाचा, हात पोचेल तिथपर्यंत. सगळ्या डावीकडून घातलेल्या. गावात डावखुरा माणूस एकच होता.

लेक आल्याचं ऐकून भिवा धावत आला. चिमा ओरडली नाही.

"बा, सासू रोज म्हनायची, तुजं नशीब खोटं. मी खरं मानलं. सोताला लई शिव्या घातल्या. तुमी तर मांडवातच हुता न्हवं?"

भिवाने डोक्याचं मुंडासं काढून तिच्या पायाशी ठेवलं. "आता सांगतो, पोरी. समद्यांसमोर सांगतो."

आणि त्याने खरंच सांगितलं. पंचायत बसवली, सासरच्यांना बोलावलं, हात जोडून म्हणाला, "चोर मी हाय. लेकीच्या झाडाच्या खाचा माज्या हातच्या हायेत."

चिमाचा सासरा म्हणाला, "लेकीसाठी बाप काय वाटंल ते बोलंल. खाचा काय, कालबी घालता येत्यात. जुन्या का ताज्या, ते तुमच्या जाणत्यांनीच सांगावं."

जाणते झाडापाशी गेले. उभा जन्म सालईत गेलेली माणसं ती. डोळे मिटून खाचेवरून बोट फिरवलं तरी तिने किती पावसाळे पाहिले हे सांगतील. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घरात लेक होती. प्रत्येकाच्या लेकीच्या झाडाला दरीच्या अंगाने माती लिंपलेली होती. आज एका झाडाची पाठ उघडी पडली, तर उद्या दुसऱ्याची पडणार. आळीमिळी गुपचिळी.

सगळ्यांत थोरल्याने नखाने साल खरवडल्यासारखं केलं. "खाचा ताज्या हायेत," तो म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"केवढं हे बापाचं काळीज!" गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "लेकीचा डाग आपल्या माथी घ्यायला निघाला." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भिवा ओरडून सांगत होता, छाती पिटत होता. जितका ओरडला तितकं लोकांना त्याचं कौतुक वाटलं. शेवटी पंचांनी त्याच्या हातात मानाचा नारळ ठेवला.

चिमा नदीकाठच्या मुलखात दुसऱ्याची भांडी घासायला निघून गेली. ती परत आली नाही.

काही वर्षांनी गावाला कळलं, की कोयतीखाली थकलेल्या सालईचं बी पोकळ निघतं. टेकडीवर आजवर जी रोपं उगवत होती, ती लेकींच्या झाडांच्या बियांची होती. म्हातारी झाडं एकेक करून पडली. त्यांच्या जागी काहीच उगवलं नाही. व्यापाऱ्याचे बैल दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. देवळांत धूप जळतच राहिला, तो आता दुसरीकडून यायचा. गाव पोटामागे पांगलं. जिथे जाईल तिथे ते भिवाची गोष्ट सांगायचं, बाप असावा तर असा म्हणून.

तात्पर्य: चोरी सगळ्यांची झाली की खऱ्याला साक्षीदार मिळत नाही, आणि शिक्षा जिने काहीच केलं नाही तिच्या पदरात पडते.