ठकूबाईचा खुरांचा हत्ती

फार वर्षं झाली बरं का, तेव्हा आपल्या आंबेतळीला धड रस्तासुद्धा नव्हता. त्या काळी गावात ठकूबाई नावाची चितारीण होती. लग्नघराच्या दाराला दोन्ही अंगांनी हत्ती काढायचे ते तिनंच. दारात हत्ती नाही तर मांडवाला शोभा नाही, असं आपल्याकडं पहिल्यापासून आहे.

आता गंमत अशी, की ठकूबाईनं जन्मात हत्ती पाहिला नव्हता. काळा असतो, अवाढव्य असतो, पाण्यात डुंबतो, सोंड-सुळे आणि मोठे कान असतात, एवढंच ऐकलेलं; पायांचं कुणी सांगितलंच नव्हतं. मग काय करणार? सोंड, सुळे, सुपाएवढे कान ऐकीव काढले आणि पाय दिले म्हशीचे! चांगले दुभंगलेले खूर. तोंडावर मात्र असं हसू, की रडतं पोर भिंतीपाशी नेलं की गप्प व्हायचं, असं म्हणतात.

पाटलांच्या गोदूचं लग्न निघालं. वऱ्हाड दारात आलं. नवऱ्याचे वडील हैबतराव, चार गावं पाहिलेला माणूस. ते भिंतीकडं बघून खो खो हसत सुटले.

"अहो, ही तर सोंडेची म्हैस! चुना फासा आधी, नाहीतर मी उंबरा ओलांडत नाही."

पाटील गार पडले. गोदूच्या डोळ्यांत पाणी. ठकूबाई पुढं झाली.

"फासा चुना. पण मग हा हात पुन्हा कुंचला धरणार नाही, देवाशपथ!"

बाया हळहळल्या. पण करता काय? चुन्याचं मडकं आलं.

तेवढ्यात घंटा वाजली. संस्थानचा हत्ती पहिल्यांदाच आपल्या गावावरून नदीच्या उताराकडं निघाला होता. तो भिंतीपाशी आला आणि थबकला. माहुतानं हाका मारल्या, गोंजारलं, छे! त्यानं भिंतीवरचा हत्ती हुंगला, त्याच्या कपाळाला कपाळ टेकलं आणि मोठ्यानं चीत्कार केला. असं म्हणतात, भिंतीतून उलट चीत्कार आला आणि रंगातली खाली सोडलेली सोंड वर उठली!

माहूत हात जोडून म्हणाला, "मालक, सोबत्याला उपाशी ठेवून हा हलायचा नाही. आधी त्याला खायला घाला."

कुणी घालायचं? सगळ्यांनी हैबतरावांकडं पाहिलं. भर मांडवात त्यांनी एका हातानं स्वतःचा कान धरला आणि दुसऱ्या हातानं भिंतीपुढं ऊस धरला. कांडं कडाकडा मोडल्याचं अख्ख्या वऱ्हाडानं ऐकलं, असं म्हणतात. मग कुठं संस्थानचा हत्ती हलला.

हैबतराव ठकूबाईला म्हणाले, "बाई, चुकलो. माझ्याही दाराला काढा. आणि खूर विसरू नका."

ठकूबाई त्या दिवशी इतकी हसली, की तिचं हसू वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणे.

आजही आंबेतळीत लग्नाला खुरांचाच हत्ती काढतात. शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी एकदा पाय दुरुस्त करून दिले, तर गावानं त्यांना चहा पाजला आणि खूर परत काढले. आणि हत्तीला जो हसेल, त्यानं ठकूबाईचं नाव घेऊन भिंतीला ऊस भरवायचा, मगच पंगतीला बसायचं. परवाच्या लग्नात तर अख्खं वऱ्हाड मुद्दाम हसलं. ऊस पुरेना!