कुंभारणीची धामण

जनावरं माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. येसू कुंभारणीने अंगणात जखमी सापडलेली धामण लेकीसारखी पाळली होती. एकदा त्या धामणीने खाणं सोडलं. तिचे डोळे दुधाळ झाले, अंगावरची चकाकी गेली. येसू रोज उंदीर घेऊन तिच्यापुढे बसायची.

"एवढा तरी खा गं बाई."

"मी आजारी नाही," धामण म्हणाली. "कात टाकायची वेळ झालीय. जवळ ओलं फडकं ठेव आणि मला एकटी सोड. कच्च्या मडक्याला तू कधी घाईने हात लावतेस का?"

येसूने ओलं फडकं ठेवलं. पण चार दिवसांनीही कात डोक्याशीच अडकलेली पाहून तिला राहवेना. तिने मायेनेच कातीचं टोक धरलं आणि ओढलं. कातीबरोबर डोळ्यांवरचा कोवळा पापुद्राही निघून आला.

जखमा भरल्या. धामण पुन्हा खाऊ लागली, पण येसूने तोंडाशी धरलं तरच. एकदा भर दुपारी झोपडीत तिने विचारलं, "येसू, उजाडलं का गं?"

"हो, उजाडलं," येसू म्हणाली. आपण रडतोय हे धामणीला दिसत नाही, याचंही तिला रडू आलं.