वेलीतला आवाज

त्या राज्यात कुणी कुणाच्या घरी जात नसे. बिळाबिळांतून एक पोकळ वेल गेली होती आणि साऱ्यांचं बोलणं तिच्यातूनच चाले. वेल मुंगसांची होती. ती नव्या बिळाला जोडताना ते सांगत, "इथं बोललेला शब्द पापणी लवायच्या आत पलीकडे पोहोचतो."

सगुणा नावाच्या म्हाताऱ्या सायाळीने वेल घेतली ती लेकीसाठी. तुळसा नदीपलीकडच्या डोंगरात नांदत होती आणि नदी ओलांडण्याची ताकद सगुणेच्या पायांत उरली नव्हती. सुरुवातीला लेकीचा श्वाससुद्धा ऐकू येई. मग मुंगसांनी त्याच वेलीला उतारावरची बिळं जोडली, नंतर ओढ्याकाठची. तिन्हीसांजेला सगळे प्राणी जागे होत, एकदम बोलू लागत, आणि तुळसाचं बोलणं तुटक तुटक येई.

सगुणेने तक्रार केली. मुंगूस आलं ते भर दुपारी, सगळी बिळं झोपेत असताना. त्याने वेलीत हाक मारली. पलीकडून दुसऱ्या मुंगसाची लगेच खणखणीत ओ आली.

"वेल ठणठणीत आहे, आजी."

"संध्याकाळी येऊन ऐका ना."

"संध्याकाळी आमचं काम बंद असतं. बिळाचं तोंड जरा वळवून बघा."

तिने नखं रक्ताळेपर्यंत उकरून बिळाचं तोंड वळवलं. फरक पडला नाही.

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी पलीकडचा डोंगर पेटला. सगुणेला धूर दिसला, तोच वेलीतून आवाज आला.

"आई, आग वर चढतेय. पिल्लं बरोबर आहेत. खडकात शिरू की नदीला उतरू?"

त्याच खडकांत, अशाच वणव्यात, सगुणेचा नवरा धुराने गुदमरला होता. ती वेलीला तोंड लावून म्हणाली, "खडकात जाऊ नकोस. नदीला उतर."

"काय म्हणालीस? खडकात जाऊ?"

"नको, तुळसा. नदी."

वेलीत नुसती खरखर झाली. सगुणा धडपडत शेजारच्या खवले मांजराकडे गेली. "भाऊ, घटकाभर गप्प राहा. पोरगी आगीत सापडलीय." ते लगेच गप्प झालं. पण पुढच्या बिळात कुणाचं लग्न जमत होतं, त्यापुढच्या बिळात गाणं चाललं होतं, आणि त्यापलीकडे उतारभर बिळंच बिळं होती. ती माघारी वळली.

"नदीला उतर," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"बरं, आई," तुळसा म्हणाली. तिचा आवाज आता जरा निर्धास्त होता. "तू म्हणतेस तर... खडकात... निघतो आम्ही."

त्यानंतर वेलीतून काहीच आलं नाही. सगुणा कान लावून बसली. समोरचा डोंगर माथ्यापर्यंत लाल झाला.

बऱ्याच वेळाने वेल बोलली. आवाज मुंगसाचा होता, मऊ, एकही अक्षर न तुटता आलेला.

"आजचं बोलणं कसं झालं? समाधान झालं असेल तर एकदा 'हो' म्हणा."