नेमगोंडानं मोटार जोडली

कृष्णेच्या काठावरच्या एका गावात नेमगोंडा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल तेच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. त्याला वैतागून त्याची बायको राजमती माहेरी जाऊन बसली होती. जाताना म्हणाली, "दारात मोटार घेऊन या. तरच परत येईन."

नेमगोंडाला बायकोवाचून करमेना. त्यानं मोटार मागवली. ती आली खोक्यांतून. सांगाडा वेगळा, पत्रा वेगळा, चाकं वेगळी. घरी आपण जोडायची. इंजिन तेवढं दुसरीकडून आणलं, अगदी नव्या तऱ्हेचं, कॉम्प्युटरवर चालणारं. शेजारचे दस्तगीर मेस्त्री म्हणाले, "मी सांगत जातो, तू करत जा. आधी इंजिन बसव."

मेस्त्री चहा पिऊन येतात तर इंजिन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. वर पट्टा लावलेला.

"हे काय रे?"

"बसवलं की. खिडकीजवळ. वारा लागतोय."

"अरे, पुढं ठेवून नटबोल्टनं आवळायचं! तसूभर हलता कामा नये!"

"असं व्हय!"

नेमगोंडानं इंजिन आवळलं. त्याच झपाट्यात स्टिअरिंगही आवळलं. चौघांनी जोर लावला तरी फिरेना.

"अरे, हे मोकळं पाहिजे!"

"असं व्हय!"

मग पेट्रोलची नळी आली. ती त्यानं मोकळी सोडली. अंगणभर पेट्रोल! मेस्त्रींनी तोंडातली विडी गिळायचीच बाकी ठेवली. गल्लीच्या टोकाला पळत जाऊन तिथून ओरडले, "नळी घट्ट लाव! बाहेर काही येता कामा नये!"

"असं व्हय!"

नळी लागली. इंजिन सुरू झालं. पण सायलेन्सरमधून धूर बाहेर यायला लागला. बाहेर तर काही यायला नको. नेमगोंडानं दाणे काढलेल्या कणसाचा बुरकुंडा घेतला आणि भोकात ठोकला. इंजिन गुरगुरलं, उचक्या दिल्या, आणि ढुम्म! बुरकुंडा उडाला तो थेट मेस्त्रींच्या चहात.

"कोंडून तापवलंस की रे! तापलं की पाणी घालायचं!"

"असं व्हय!"

त्यानं रेडिएटरमध्ये पाणी घातलं. मग सगळीकडं हात लावून बघितला. कॉम्प्युटरचा डबा कोमट लागला. झाकण उघडलं आणि तांब्याभर पाणी ओतलं.

मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. "तो गाडीचा मेंदू रे! बुडवलास! सोड, सोड ते नट लवकर!"

नेमगोंडानं उरलेल्या नटांचा डबा उचलला आणि नदी गाठली. दिवे सोडतात तसे एकेक नट पाण्यात सोडून आला.

"सोडले मेस्त्री. पण एकही तरंगला नाही."

मेस्त्रींनी पाना उचलून त्याच्यापुढं धरला. म्हणाले, "बाळा, सोडायचं म्हणजे पाना घ्यायचा, उलटा फिरवायचा आणि एकेक भाग सुटा करायचा. त्याला सोडणं म्हणतात."

"असं व्हय!"

मेंदू उन्हात वाळवला, परत लावला. आणि काय सांगावं, मोटार सुरू झाली! नेमगोंडाची छाती फुगली. हॉर्न वाजवत, कोंबड्या उडवत तो थेट सासुरवाडीच्या दारात.

राजमती धावत बाहेर आली. "अगंबाई! खरंच आणली!" डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "आलेच हं लुगडं बदलून," म्हणत आत पळाली.

सासऱ्याचा सारा जन्म बैलगाडीत गेलेला. म्हातारा हरखून म्हणाला, "जावईबापू, लांबनं आलाय. गाडी सोडा आन् हातपाय धुवा. मी पाणी आणतो."

नेमगोंडानं मोटारीकडं बघितलं. वाईट वाटलं जरा. पण सासऱ्याचा शब्द! त्यानं पाना काढला.

राजमतीनं लुगडं बदललं, वेणी घातली, शेजारणींचा निरोप घेतला आणि गाठोडं काखेत मारून बाहेर आली. ओसरीवर चाकं, अंगणात इंजिन, वाळत घालायच्या दोरीवर वायरी. सासरा तांब्या धरून नुसता उभा.

"अहो," ती किंचाळली, "आता मी बसू कशात?"

नेमगोंडा घाम पुसत म्हणाला, "कशातही बस. सगळं मोकळंच आहे."