कच्च्या रंगाचा फेटा

रंगारी पेठेच्या ऐन बाजारात, साड्यांची दुकाने आणि आडव्यातिडव्या लावलेल्या स्कुटरी यांच्या मधोमध, एक दगडी कारंजे उभे आहे. त्यातून पाणी उडताना पाहिलेला माणूस पेठेत सापडायचा नाही. पाहुण्यांनी कारण विचारले, की जुनी माणसे आधी भिवरा रंगारणीचे नाव घेतात.

हा चौक पूर्वी सरदार भगवंतरावांच्या बागेत होता, असे सांगतात. बागेला लागूनच रंगाऱ्यांची वस्ती. त्यांच्या हौदाला डोंगरावरून खापरी नळाने पाणी यायचे. सरदारांना कारंज्याची हौस आली आणि त्यांनी तो नळच बागेत वळवला. रंगाच्या कढया कोरड्या पडल्या, पोरे तहानेने रडू लागली. भिवराचा नवरा लुमाजी गयावया करायला गेला. सरदारांच्या माणसांनी त्याला इतके बडवले, की फुटक्या डोक्याने तो कसाबसा हौदापर्यंत आला आणि पायरीवरच त्याने प्राण सोडला.

भिवरा रडली नाही. तिच्या अंगाची नुसती आग होत होती. दिवसकार्य उरकते न उरकते तोच वाड्यातून कापड आले. कारंज्याच्या समारंभासाठी सरदारांना लाल फेटा हवा होता. भावकी म्हणाली, "परत धाड. त्या पाप्याच्या डोईला आपला रंग नगं."

"न्हाई," भिवरा म्हणाली, "त्येच्या डोईवर माझ्याच हातचा रंग चढंल."

घरातली शेवटची घागर ओतून तिने फेटा रंगवला. दृष्ट लागावी असा. फक्त रंग पक्का करणारी तुरटी तेवढी घातली नाही.

समारंभाला मानकरी जमले. भगवंतराव मिशीला पीळ देत कारंज्यालगत उभे राहिले. पाणी उसळले, फेटा भिजला आणि कपाळावरून पांढऱ्या अंगरख्यावर लाल ओघळ धावले. "रक्त! वैद्याला बोलवा!" सरदार बोंबलत सुटले. मानकरी तोंड फिरवून हसू लागले.

कुंपणापलीकडून भिवरा ओरडली, "घाबरू नगा, सरकार! ह्ये तुमचं न्हाई, माझ्या धन्याचं हाय!"

मग कुणी हसले नाही.

कच्चा रंग एका धुण्यात जायला हवा. फेट्याचा गेलाही, म्हणे. कपाळावरचा मात्र जाईना. सरदारांनी दूध लावले, राख घासली, कातडी सोलवटून घेतली. अखेर त्यांनी नळ पुन्हा हौदाकडे वळवला आणि भिवराच्या दारात येऊन हात जोडले. तिने दार उघडले, ते कपाळ डोळे भरून पाहिले आणि दार लावून घेतले. डाग सरदारांबरोबर सरणावर गेला.

आजही त्या घराण्यातला पुरुष पेठेत आला, की बोडक्या डोक्याने हौदावर जातो आणि एक घागर भरून रंगाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवतो. मध्यंतरी त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "इतक्या पिढ्या झाल्या, बाई. आता पुरे करा की."

दारातली रंगारीण म्हणाली, "आमचा लुमाजी आणून द्या. लगेच पुरे करू."